गोणपाटाखालचा आकडा

मी एक जुनी डबी आहे. हवा किती तापली, ते मोजते. मित्रांनो, बारामती एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या घरांची एक गल्ली आहे. तिथल्या विजेच्या खांबावर मला बसवलंय.

माझी जुळणी पुण्यातल्या एका शेडमध्ये झाली. गेल्या मार्चमध्ये साक्षी नावाच्या इंजिनियर मुलीनं मला इथं आणलं. शहरात अशा आम्ही चाळीस जणी. आमचे आकडे आणि उपग्रहानं वरून टिपलेली उष्णता मिळून एक नकाशा होणार, आणि नकाशात जी गल्ली लाल दिसेल तिथल्या पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग आधी मिळणार, असं ती सांगत होती. खांबासमोरच्या घरातल्या रंगुबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांचे मालक नाना कारखान्यात रातपाळी करायचे आणि भर दुपारी पत्र्याखाली झोपायचे.

"आमच्या नानांच्या डोक्यावरचा पत्रा तेवढा गार होऊ दे गं बाई."

"होईल की मावशी. तुम्ही फक्त या डबीवर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवलं म्हणजे किती ठेवावं! एप्रिल तापला तशी रंगुबाईंना माझीच कीव आली. "एवढी म्हागाची वस्तू, उन्हात करपून जाईल की," म्हणत त्या स्टुलावर चढल्या आणि मला गोणपाट गुंडाळलं. माठाच्या फडक्यावर पाणी मारायच्या तसं माझ्यावरही दोन टायमाला मारायच्या. माझे एवढे लाड कुणी केले नव्हते. मी आपली तीस, एकतीस असे आकडे पाठवत राहिले. मला बोलता येत नाही, फक्त मोजता येतं.

नकाशा निघाला. इथले पत्रे भाजतायत, असं उपग्रह सांगत होता. पण ऑफिसात ठरलं की गल्लीतल्या डबीचा आकडा खरा धरायचा. आमची गल्ली निळी, म्हणजे गार दिसली आणि रंग पलीकडच्या गल्लीला गेला.

"आपला बी नंबर यील," नाना उंबऱ्यात बसून म्हणाले आणि झोपायला आत गेले.

मेमधल्या एका दुपारी ते उठलेच नाहीत. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. दारात माणसं जमली, बुद्धवंदना झाली, नानांना नेलं. मला काय वाटलं, ते सांगता येत नाही. त्या दुपारी मी बत्तीस मोजलं.

पंधरा दिवसांनी साक्षी आली. गोणपाट पाहून जागीच थांबली.

"मावशी, हे कुणी बांधलं?"

"मीच की. रोज पानी मारते. एकदा बी बंद पडली न्हाय बघ."

ओल्या गोणपाटामुळं आकडा कसा उतरला आणि गल्ली निळी का ठरली, ते साक्षीनं खाली बसून त्यांना सांगितलं. रंगुबाई रडल्या नाहीत. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला.

"म्हंजी मी डबीला गार ठिवलं," त्या म्हणाल्या.

साक्षीनं गोणपाट काढलं. मी त्रेचाळीस मोजलं.

यंदा आमचे पत्रे पांढरे झालेत. रंगुबाईंच्या घरात दुपारी बरं वाटतं म्हणे. नानांची बाज मात्र भिंतीला उभी करून ठेवलीय.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुमच्याकडं काळजी मागतात. मी मागत नाही. माझ्यावर पाणी मारू नका, मला सावली करू नका. मला तापू द्या.