कोटाची अर्धी गोष्ट

सोलापुरात तेव्हा समुद्रापलीकडं जाऊन आलेली माणसं मोजकीच होती, आणि जाऊन आल्यावर त्याबद्दल लिहिणारा महादेवप्पा आळंगे एकटाच. तो कापडाच्या एका पेढीचा फिरता माणूस. चादरी आणि पंचे यांचे नमुने घेऊन तो एडन, मोंबासा, झांजिबार, कधी बसरा असा फिरे, सहा-आठ महिन्यांनी परते आणि पुढची बोट ठरेपर्यंत बाळीवेशीजवळच्या आपल्या घरात राही. बोटीवर दिवस सरत नाही म्हणून त्यानं लिहायला घेतलं होतं. पुण्याच्या एका मासिकानं ते छापलं, लोकांना आवडलं, आणि हळूहळू महादेवप्पाला पेढीवरच्या नावापेक्षा मासिकातलं नाव जास्त प्यारं झालं.

एकदा संपादकांनी त्याला सुचवलं, की बोट नसते तेव्हा तुम्ही घरी काय करता तेही लिहा. महादेवप्पानं ‘दोन बोटींच्या मध्ये’ असं सदर सुरू केलं. गिरणीचा भोंगा झाला की आपण अजून बंदरातच आहोत असं वाटून कसे दचकतो, पहिले काही दिवस घरची जमीनसुद्धा कशी हलती वाटते, परदेशात भाकरीची आठवण येते आणि घरी भाकरी खाताना परदेशातल्या पावाची, असलं काहीबाही तो लिही. हे सदर त्याच्या प्रवासवर्णनापेक्षाही लोकप्रिय झालं.

त्याची बायको ईरम्मा दुधनीची. तिची शाळा तिसरीपर्यंत, तीही कानडी. मराठी ती बोलायची, पण वाचता येत नव्हती. घरात नवरा-बायको कानडीतच बोलत. मासिक आलं की ती त्याच्यावरची धूळ पुसून कपाटात नीट लावून ठेवी. या वेळी काय लिहिलंय म्हणून विचारलं तर महादेवप्पा म्हणे, असंच, उन्हाबद्दल. तिला तेवढं पुरत असे.

त्या साली संक्रांतीनंतर उमाबाई बोरामणीकरांकडं हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. उमाबाई वकिलीणबाई, मोठं घर, बोलायला मोकळ्या. ईरम्मा आत शिरली तशी ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं पाहून हसल्या. उमाबाईंनी तिला तिळगूळ दिला आणि विचारलं, “काय ईरम्माबाई, कोटमहाराज बरे आहेत ना?”

सगळ्या हसल्या. दुसऱ्या एकीनं विचारलं, की कोटाला भाकरी गरम लागते की शिळी चालते. ईरम्माही हसली, कारण सगळ्या हसत होत्या. काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं. मग कळलं, आणि हातातला तिळगूळ तिनं तोंडात न घालता पदराच्या गाठीला बांधला. कोटाची गोष्ट तिच्याखेरीज जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

गोष्ट अशी होती. महादेवप्पाचा एक काळा लोकरीचा कोट होता. आफ्रिकेत तो उपयोगाचा नाही म्हणून घरीच खुंटीला राही. नवरा बोटीवर गेला की घरात ईरम्मा आणि तिची लहानगी गौरव्वा दोघीच. सांजेला गौरू झोपली की ईरम्माला बोलायला कुणी नसे. मग दिवा लावल्यावर ती कोटासमोर बसे आणि दिवसभरातलं सांगे. आज नळाला पाणी आलं नाही. गौरूनं पाटीवर ‘अ’ काढला. तुमच्या पेढीचा माणूस येऊन गेला. आधी तिचं तिलाच हसू येई, पुढं सवय झाली.

दोन वर्षांपूर्वी महादेवप्पा झांजिबारला असताना गौरूला घटसर्प झाला. चार वर्षांची पोर. गळा सुजला, श्वास लागेना, आणि भर दुपारी ती गेली. घर माणसांनी भरलं. दुधनीहून ईरम्माचा भाऊ कल्लप्पा येईपर्यंत कुणालाच काय करावं सुचेना. तेवढ्या गर्दीत ईरम्मा उठून कोटापाशी गेली. त्याची बाही हातात धरून तिनं त्याला सांगितलं, की गौरू गेली. नवऱ्याला सांगण्याआधी तिला दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं, आणि नवरा समुद्रापलीकडं होता. मग ती परत येऊन लेकीपाशी बसली.

महादेवप्पा परतला तेव्हा पोरीला पुरून कितीतरी दिवस होऊन गेले होते. ईरम्मानं त्याला सगळं सांगितलं, कोटाचंही. तो तेव्हा खूप रडला होता. तिच्या हातावर डोकं टेकून रडला होता. त्यानंतर त्या दोघांत कसला आडपडदा उरला नाही, असं ईरम्मा समजून होती.

हळदीकुंकवाहून ती घरी गेली नाही. शेजारच्या शरणम्माकडं गेली. शरणम्मा मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, तिच्याकडं मासिक येत असे. लेख तिनंही वाचला होता आणि ईरम्माला ठाऊक असेल, तिच्या संमतीनंच लिहिलं असेल, असं धरलं होतं. ईरम्मानं तिला तो वाचून कानडीत सांगायला लावलं. शरणम्मा वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. लेखात लिहिलं होतं, की माझ्या गैरहजेरीत माझ्या घरी दुसरे यजमान असतात. ते उलट बोलत नाहीत, भाजीला नावं ठेवत नाहीत, सांगितलेलं सगळं ऐकून घेतात. मी परतलो की सौभाग्यवतींना थोडं वाईटच वाटत असावं. असं दोन पानं. गौरूचं नाव कुठंच नव्हतं. अशी मुलगी त्या घरात कधी होती असंही त्यातून कळत नव्हतं.

महादेवप्पा सायंकाळी जेवायला बसला तेव्हा ईरम्मानं विषय काढला. तो आधी हसला. त्यात तुझं नाव कुठं आहे, म्हणाला. लोकांना किती आवडलंय, संपादकांकडं पत्रांचा ढीग आलाय, म्हणाला. तिनं ते ऐकून घेतलं.

मग तिनं विचारलं, “गौरूचं का नाही लिहिलंत?”

“ते कसं लिहिणार? लोक विरंगुळा म्हणून वाचतात. घरातलं दुःख त्यांच्यापुढं का मांडायचं?”

“मग हे तरी त्यांना हसायला का दिलंत? ते दुःखच होतं की.”

महादेवप्पा वाईट माणूस नव्हता. बायकोचा चेहरा पाहून तो खरंच हलला. हात धुऊन आला, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणाला, की घरातलं एक अक्षरही यापुढं लिहिणार नाही. तिनं शपथ मागितली नव्हती. ती त्यानं आपणहून घेतली, म्हणून तिला ती खरी वाटली. काही दिवसांनी ती पुन्हा त्याच्याशी पहिल्यासारखी बोलू लागली. सांगताना मधेच थांबे, पण बोले.

फाल्गुनातलं मासिक आलं तेव्हा तिनं ते कपाटात ठेवलं नाही. शरणम्माकडं नेलं. शरणम्मानं पानं चाळली आणि मासिक मिटून मांडीवर ठेवलं. ईरम्मा म्हणाली, वाच. या वेळच्या लेखाचं नाव ‘आमच्याकडचा रुसवा’ असं होतं. कोट प्रसिद्धीला आल्यामुळं सौभाग्यवती त्याच्यावर आणि आमच्यावर कशा रुसल्या, भाकरी ताटात कशी आपटू लागल्या, हे त्यात होतं. शेवटी शपथेचंही होतं. आम्ही गळ्याला हात लावून शपथ घेतली खरी, पण संपादकांची तार आली आणि शपथ बिचारी वितळून गेली, असं त्यानं लिहिलं होतं.

ईरम्मानं भाकरी कधीच आपटली नव्हती. ती तसं शरणम्माला म्हणाली आणि घरी आली. या खेपेला तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही. तो मात्र तिच्या मागं-मागं राहिला, दोनदा आपणहून म्हणाला की हा शेवटचाच. ती ज्वारी निवडत राहिली.

चैत्रात उमाबाईंकडं पुन्हा हळदीकुंकू होतं. शरणम्मा म्हणाली, जाऊ नकोस. ईरम्मा गेली. डाळ-पन्हं झालं, ओट्या भरल्या, आणि मग थट्टेचं मोहोळ उठलंच. वकिलीणबाई म्हणाल्या, की आम्ही मासिकातलं वाचतो, पण आज कोटाची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायचीय. बायका सरसावून बसल्या.

“सांगते की,” ईरम्मा म्हणाली.

ती मराठीतच बोलली, तिच्या गावाकडच्या मराठीत, सावकाश. “माझी पोर दुपारी गेली. घरात लई माणसं हुती. ह्येंना कसं कळवायचं मला ठावं न्हवतं. म्हून मी कोटाची बाही धरली आन त्येला सांगितलं, गौरू गेली म्हून. त्येच्या आदी रोज सांगत हुते, पानी आलं, न्हाय आलं. त्या दिशी ह्ये सांगितलं. येवढीच गोष्ट हाय. ह्येंनी अर्दीच लिव्हली.”

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, किती वर्षांची होती. ईरम्मानं सांगितलं, चार. उमाबाई उठल्या, तिच्याजवळ येऊन बसल्या आणि तिचा हात धरून राहिल्या. पन्ह्याचं भांडं कुणीतरी आत नेलं. बायका एकेक करून निघाल्या.

गोष्ट दोन-तीन दिवसांत गावभर झाली. महादेवप्पा वाचनालयात गेला की तिथलं बोलणं थांबू लागलं. पूर्वी जे लोक त्याला पाहून जागा करून देत ते वर्तमानपत्रात डोकं घालू लागले. उमाबाईंच्या वकील यजमानांनी त्याला लांबूनच नमस्कार केला आणि ते निघून गेले. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ईरम्मानं आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

“बोलायचं होतं तर मला बोलायचं होतंस,” तो म्हणाला. “मी घरातला माणूस ना?”

“मीही घरातलीच होते,” ती म्हणाली.

वैशाखात त्याची बोट ठरली. दरवेळी ती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन स्टेशनापर्यंत जाई आणि गाडी हलेपर्यंत उभी राही. या वेळी गाठोडं तिनं उंबऱ्यातच त्याच्या हाती दिलं. तो टांग्यात बसला तेव्हा ती दारात होती. टांगा वळायच्या आत ती आत गेली.

पावसाळाभर ती पहाटे उठे, कामं उरके, दुपारी शरणम्माकडं जाऊन बसे. मनातलं काही सांगावंसं वाटलं तर शरणम्माला सांगे. पुष्कळ वेळा काही सांगतही नसे.

भाद्रपदात उमाबाई स्वतः तिच्या घरी आल्या. आजवर त्या तिच्याकडं कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात मासिक होतं आणि डोळे रडून लाल झाले होते. महादेवप्पानं बोटीवरून लेख पाठवला होता, आणि तो गौरूवर होता. उमाबाई म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी सगळं धुऊन काढलं हो, इतकं सुंदर मी कधी वाचलं नाही. ईरम्मानं शरणम्माला हाक मारली. तिघी माजघरात बसल्या आणि शरणम्मानं लेख वाचून दाखवला.

लेख खरंच सुंदर होता. गौरूच्या पाटीवरचा ‘अ’ त्यात होता. तिची सुजलेली मान होती, दुपारचं ऊन होतं, दारात जमलेली माणसं होती. ईरम्मानं बायकांपुढं सांगितलेलं होतं आणि तिनं फक्त नवऱ्याला सांगितलेलंही होतं. कोट मात्र नव्हता. पुढं लिहिलं होतं, की मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिनं माझं बोट धरलं, आणि माझ्याकडं पाहता पाहता तिनं डोळे मिटले.

शरणम्मा तिथं अडखळली. ईरम्मानं तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं वाचलं.

“ह्ये तवा झांजिबारला हुते,” ईरम्मा उमाबाईंना म्हणाली. “मांडी माझी हुती.”

उमाबाई गोंधळल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्या म्हणाल्या, की हो, तुम्ही सांगितलं होतं, पण लिहिताना थोडं इकडंतिकडं होतंच, भावना खरी असली म्हणजे झालं. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं. लेख त्यांना आवडला होता, आणि तो तसाच आवडत राहावा अशी त्यांची इच्छा होती. थोड्या वेळानं त्या गेल्या. ईरम्मा माजघरात भिंतीला टेकून बसून राहिली. लेक गेली त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं, असं ती शरणम्माला म्हणाली. तेव्हा निदान लेकीचं ते मरण ईरम्माचं स्वतःचं होतं.

महादेवप्पा दिवाळीनंतर परतला. गावानं त्याला पुन्हा जवळ केलं होतं. वाचनालयात त्याचा सत्कार झाला, अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून त्याला त्या लेखाबद्दल बोलली. घरी मात्र तो बिचकत वागत होता. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, की गौरूचा लेख तू वाचून घेतलास का. ती हो म्हणाली.

“कसा वाटला?” त्यानं विचारलं. तिनंच तर सांगितलं होतं, अर्धं का लिहिलं म्हणून. आता ती निवळेल असं त्याला मनापासून वाटत होतं.

ईरम्मानं त्याच्या ताटात आमटी वाढली. “त्या दिवशी तुम्ही खरंच असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. तो काहीतरी सांगू लागला, की लिहिताना मला खरंच तसं दिसलं, मी तिथं असल्यासारखंच वाटलं, रात्ररात्र तेच दिसायचं. त्यात खोटं नसावं. ती ऐकत होती. पाहुण्याचं ऐकावं तशी, मधे न बोलता. त्याचं संपल्यावर तिनं सांगितलं, की कल्लप्पाकडं शेंगांची सुगी आहे, मी उद्या दुधनीला जाते. परत कधी येणार, असं त्यानं विचारलं.

“तुमची बोट गेली की येईन,” ती म्हणाली, आणि ताक आणायला आत गेली.