उजव्या पायाची शर्यत

कचऱ्याचा डबा आडवा झाला, एवढंच. माणूस नाही, मांजर नाही. डबा. तोही आधीच जागोजागी चेपलेला, गल्लीतल्या निम्म्या गाड्यांनी आपापली सही करून ठेवलेला. शिकाऊ पोरीने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, आणि शेजारी बसलेल्या ताईचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर पडेपर्यंत डबा गडगडत शिंप्याच्या पायरीला जाऊन टेकला होता.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. पहिल्यावर कोणीही विसंबत नाही.

"तुझा पाय जड झालाय, ताई," धाकटा भाऊ म्हणाला.

स्कूल त्याचं होतं. त्याला गाडी शिकवली होती तिने. हे तो विसरला नव्हता, फक्त सोयीने आठवायचा. ऑफिस म्हणजे एक टेबल, खुरडत फिरणारा पंखा आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, त्यातली 'हॉर्न वाजवू नका'ची खूण उन्हाने पार उडालेली.

"आता तू टेबलावर बस. फोन घे. नव्या पोरांना समजावून सांग. गाडीवर मी दुसरं कोणी तरी बघतो. वय झालं की—"

"कोणाचं?"

"ताई, आता तू चिडू नकोस."

"चिडले नाही. विचारतेय. कोणाचं वय झालं?"

तो तक्त्याकडे बघायला लागला. ती काचेकडे. काचेवर बाहेरून चिकटवलेली जाहिरात आतून उलटी दिसत होती: समुद्रावर छोटी ट्रायथलॉन. पोहा, सायकल चालवा, पळा. हौशी लोकांसाठी. तिने त्यावर बोट आपटलं.

"हे पूर्ण करून दाखवते. मग बोल पायाबद्दल."

भाऊ इतका हसला की खुर्ची करकरली. "कर! केलीस पूर्ण तर गाडी तुझी, हातपाय चालतात तोवर. नाही झाली तर गुपचूप टेबल. कबूल?"

"कबूल."

झालं. यापलीकडे काही थोर कारण नव्हतं.

*

तिचा नवरा पोहण्याच्या तलावावर फिल्टरचे पंप सांभाळायचा. सगळा जन्म पाण्याशी गेला, पण स्वतः कधी पाऊलभरही भिजला नाही. त्याच्या शर्टांना, उशीला, बोलण्यालासुद्धा क्लोरीनचा वास. तो काठावर स्टूल टाकून बसायचा आणि ज्यातलं आपल्याला काही कळत नाही ते बायकोला शिकवायचा.

"अगं, हात असे टाक जसे... लोक टाकतात तसे."

"अहो, तुम्ही उतरून दाखवा ना."

"मी उतरलो तर पंप कोण बघणार?"

ती पोहली. आधी काठाचा दांडा धरून, मग दांडा सोडून, मग दांड्याला शिव्या देत. सायकल नवऱ्याचीच, पुढे टोपली, मागे कॅरियर. पळणं मात्र स्वतःचं होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. गुडघे कुरकुरायचे. ती त्यांच्याशी शिकाऊंशी बोलावं तसं बोलायची: घाई नको. क्लच हळू सोड. बंद पडलं तर पडू दे, परत चालू कर.

*

किनाऱ्यावर सकाळी भोंगेवाला नियम सांगत होता. नियम बरेच होते, कामाचा एकच: सायकल ठरलेल्या वेळेत परत आणली नाही तर पळायला सोडणार नाहीत. बाद.

"ऐकलंस ना?" भाऊ म्हणाला. तो घरून खुर्ची घेऊन आला होता, घडीची. खुर्ची!

"ऐकलं. तू आरामात बस."

"मी चौकात बसतो, उताराखाली. तिथपर्यंत तू येशील असं वाटतंय."

"मेहुणे," नवरा म्हणाला, "उन्हात बसू नका. आधीच डोकं जरा तापलेलं असतं तुमचं."

शिट्टी.

*

पाणी तलावासारखं नाही हे पाणीच नाही ही भिंत आहे हलणारी आणि हिला दांडा नाही कुठे आहे दांडा कोणीतरी पाय मारला नाकात मीठ डोळ्यात मीठ वळायचा पिवळा फुगा कुठे गेला तो बघ तो बघ डावीकडे

श्वास

हात जसे लोक टाकतात तसे हात टाक लाट आली तर खाली जा वर ये मेले सगळे पुढे गेले जाऊ देत ओव्हरटेक करू देत डावी बाजू धर आपली

श्वास

होडीतला माणूस ओरडतोय आजी हात वर करा उचलून घेतो आजी तुझी आजी असेल घरी मी नाही

श्वास

वाळू. पोटाला वाळू लागली. मग गुडघ्याला. ती उभी राहिली, पडली, उभी राहिली. मागे अजून दोन टोप्या पाण्यात होत्या. म्हणजे शेवटची नव्हती ती! नवरा सायकलपाशी टॉवेल धरून उभा होता, आणि आश्चर्य म्हणजे घोट्यापर्यंत समुद्रात जाऊन आलेला होता.

"बुडालीस की काय म्हणून बघायला गेलो."

"आणि बुडाले असते तर?"

"ओरडलो असतो."

*

सायकलवर ती खुलली. रस्ता म्हणजे माहेर. वाहनं बंद केलेली, दोन्ही बाजूंना दोऱ्या, आणि सगळा डांबरी रस्ता तिच्या एकटीसाठी झाडून ठेवल्यासारखा. वळताना ती हात दाखवायची. पुढे जाताना घंटी वाजवायची. एका लठ्ठ दंतवैद्याला तिने मागे टाकलं. त्याचं लायसन्स तिच्याच हाताखाली निघालं होतं.

"मॅडम, तुम्ही!"

"आरशात बघत जा!" ती ओरडली. त्याच्या सायकलला आरसा नव्हता.

परत यायची वेळ जवळ आली होती आणि ती वेळेच्या आत होती. थोडीशीच, पण होती. उतार आला. तिने पेडल मारायचं थांबवलं नाही. टोपली थडथडत होती, वारा कानात शिरत होता, खाली चौक, चौकात भाऊ, भाऊ खुर्चीतून उठतोय, तोंड उघडं, आणि त्याच्या डोक्यावर

लाल.

दिवा लाल झाला.

ती थांबली.

पट्ट्याच्या अलीकडे. एक पाय जमिनीवर. चाकं किंचाळली, टोपली पुढे झुकली. ब्रेक हातांचा, तरी उजवा पाय आपणहून हवेत दाबला गेला होता.

चौकात गाडी नव्हती. चौकात कुत्रं नव्हतं.

लाल.

"मॅडम!" झेंडेवाला स्वयंसेवक ओरडला. "रस्ता बंद आहे! जा!"

लाल.

"ताई! अगं शर्यत आहे ही!" भाऊ हसतही होता आणि डोक्यावर हातही मारत होता.

तिला कळत होतं. सगळं कळत होतं. पण या दिव्याखाली तिने गावातल्या निम्म्या लोकांना हे शिकवलं होतं: रस्ता रिकामा असला तरी लाल म्हणजे लाल. पाय उचलायचा प्रयत्न तिने केला. पाय उचलेना. दंतवैद्य मागून आला, तिला बघितलं, आणि शपथेवर सांगावं, तोही थांबला. दोघं शेजारी शेजारी, धापा टाकत, रिकाम्या चौकाकडे बघत उभे.

"मॅडम, हे आपण काय करतोय?"

"गप्प बस."

हिरवा.

*

सायकली ठेवायच्या जागेपाशी पांढऱ्या टोपीतल्या माणसाने हात आडवा केला. वेळ संपली होती. जेमतेम, पण संपली होती. घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप सोडा, म्हणाला, पाणी घ्या, तिकडे सावली आहे, छान प्रयत्न केलात. दंतवैद्याने सुटका झाल्यासारखी चिप काढली आणि वाळूत आडवा झाला.

ताईने वाकून पट्टा सोडला. चिप टोपीवाल्याच्या हातावर ठेवली.

"ही तुमची. किनारा?"

"काय?"

"किनारा तुमचा आहे का?"

"नाही, पण बाई—"

ती पळत सुटलीसुद्धा. पळत म्हणजे, बघणाऱ्याला ते चालणं वाटलं असतं, आणि एकाने तसं म्हटलंही. ती ओल्या वाळूवर आली. पाय रुतत होते. उजवा, डावा. उजवा, डावा. समोरून पदकं घातलेले लोक घरी निघाले होते, काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी कीव केली. कीव तिने कानाआड केली. बाद झालेल्या माणसाला कसलीच घाई नसते, हे पहिल्या वळणापर्यंत तिच्या लक्षात आलं. आता हे सगळं तिच्या मालकीचं होतं.

किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालायचा झेंडा होता. होता, म्हणजे दोन पोरींनी तो नुकताच उपटून खांद्यावर टाकला होता.

"तो झेंडा लावा परत."

"अहो काकू, संपली शर्यत."

"मी वळसा घातलेला नाही. जिथे होता तिथेच लावा. इथे नाही. त्या खड्ड्यात. हां."

पोरींनी लावला. तो आवाज असा होता की त्यांनी दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. ताईने झेंड्याला वळसा घातला, रीतसर, हात दाखवून.

"आता काढा."

*

शर्यत संपते तिथली कमान काढून झाली होती. वाळूत तिच्या खांबांच्या दोन खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. नवरा त्यांच्यामध्ये उभा राहून दोन्ही हात डोक्यावर जोडून कमान झाला होता. ती त्याच्या काखेखालून गेली आणि बसली. बसल्यावर उलटी झाली, थोडी.

भाऊ खुर्ची काखेत मारून आला.

"ताई, वेळेत नाही झालं."

"माहीत आहे."

"म्हणजे पैज हरलीस."

"हरले."

त्याने वाळूत बुटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मी तिथेच होतो. दिवा लाल झाला तेव्हा. माझं बघून होईपर्यंत तू थांबलेली होतीस. एवढ्या उतारावर."

"मग?"

"काही नाही."

"काही नाही कसं? नीट म्हण."

"पाय... ठीक आहे तुझा."

"डबा?"

"डबा कोणाकडूनही पडला असता," भाऊ पुटपुटला. लगेच घसा खाकरून मालक झाला. "पण अट ती अट. टेबल."

ताईने तोंड पुसलं. "अट तू घातलीस, हरले मी, दोन्ही खरं. उद्या सकाळी गाडीत मीच बसणार आहे. तुला काढायचं असेल तर ये आणि उचलून काढ."

"भावोजी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी?" नवऱ्याने पँटचा ओला काठ पिळला. "मी पंप बघतो."

*

सकाळी ऑफिसच्या दारात भाऊ उभा होता. हातात किल्ली नव्हती. किल्ली आधीच गाडीला लागली होती. ताई आपल्या ब्रेकच्या बाजूला बसली होती, दोन्ही पाय सुजलेले, चपला न घालता. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याने आत जाऊन वाजणारा फोन स्वतःच उचलला.

शिकाऊ आज नवी होती, शाळेतली भूमितीची बाई. तिने किल्ली फिरवली, गाडीने उसळी मारली आणि बंद पडली. बाईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं.

"मॅडम, मला नाही जमणार. मी कोणाला तरी मारेन."

"परत चालू कर," ताई म्हणाली. "हळू. ब्रेक माझ्याकडे आहे."