कंडक्टरची जागा

टोपीचा निळा रंग अजून ओला होता. चिमट्यात धरलेला तो शिशाचा माणूस, करंगळीच्या पेराएवढा, ओटोने भिंगाखाली हळूहळू फिरवून पाहिला, आणि टोपी जरा मागे सरकलेली हवी होती हे त्याच्या ध्यानात आलं. कपाळावरची केसांची बट दिसेल इतपत मागे, एमेट घालायचा तशी. इन्स्पेक्टर चढला की एमेट ती पुढे ओढायचा, उतरला की पुन्हा मागे ढकलायचा... अकरा वर्षांत किती वेळा, कोण मोजणार? पण ओटोला ते सगळं आरशात दिसायचं. ट्रामच्या पुढच्या टोकाला गाडी चालवणारा तो, मागच्या टोकाला कंडक्टर एमेट, आणि मध्ये पन्नास-साठ माणसं, त्यांचे ओले कोट, कांद्याच्या पिशव्या, कत्तलखान्यातून सुटलेल्या पाळीचा वास. बोलायची सोय नव्हती. दोरी होती. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. दिवसाचे आठ तास आपण एका माणसाशी एवढंच बोललो, ओटोला वाटलं, आणि बायकोशी, अल्बीनाशीसुद्धा कधी इतकं बोललो नाही.

त्याने बारीक पात्याने टोपीची पुढची कड थोडी खरवडली. बरं झालं. निदान वाईट झालं नाही.

समोर तळघरभर बाविसावा रस्ता छोट्या प्रतिकृतीत पसरला होता. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं तो हेच करत होता. विटांची दुकानं, बँकेचं घड्याळ, मागच्या बोळावरून लोखंडी खांबांवर धावणारी उंच एल गाडी, आणि एलच्या रुळांना पाठ टेकवून उभ्या असलेल्या घरांचे राखाडी लाकडी जिने. शिकागोत हे जिने सगळीकडेच, पण ओटोने प्रत्येक जिन्यावर त्या-त्या घराचं सामान ठेवलं होतं: कुठे कोबीचं पिंप, कुठे पत्र्याचा टब. ट्रामच्या वरची तार त्याने एकेका खांबाला डाख देऊन ताणली होती, केसाएवढी बारीक. तिच्यासाठी डोळे गेले म्हण ना. तळघराचा अर्धा भाग करारानुसार अल्बीनाचा होता. तिथे कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि वाळत घातलेल्या चादरी रेल्वे यार्डावर लोंबत. माझ्या स्वयंपाकघरात पडद्याचा दांडा बसवायला तुला दोन वर्षं लागली, आणि या घरांना मात्र खिडकी-खिडकीत पडदे, असं ती नेहमी ऐकवायची. ते खोटं नव्हतं.

हा सगळा रस्ता ऑक्टोबर १९४९ मध्ये उभा होता. एक तारीख धरावी लागते, नाहीतर कुठली गाडी चालवायची, भिंतीवर कुठली जाहिरात लावायची, काहीच ठरत नाही. मॉडेल रेल्वेच्या क्लबातली मंडळी विचारायची, बावन्न साल का नाही घेतलंस? तेव्हा एकमाणशी गाड्या आल्या होत्या, रंग किती सुरेख होते त्यांचे! ओटो म्हणायचा, जागा नाही. जागा होती. बावन्न साल त्याला नको होतं.

आज दोन वाजता एमेट डूलिन येणार होता.

तो यायच्या आत हा माणूस चिकटवायचा, एवढं ओटोने सकाळी ठरवलं होतं. आणि चिकटवायचा कुठे, हे सकाळपासून ठरत नव्हतं. हसण्यासारखीच गोष्ट होती, पण हसू येत नव्हतं. बाविसाव्या रस्त्याला एके ठिकाणी मालगाडीची लाइन आडवी जायची, तिथे फाटक नव्हतं. नियम असा होता की ट्राम थांबायची, कंडक्टर मागून उतरायचा, चालत रुळांपर्यंत जायचा, दोन्हीकडे पाहायचा आणि हात वर करायचा. मग ट्राम रूळ ओलांडून पलीकडे थांबायची, कंडक्टर मागून चढायचा, डबल बेल द्यायचा. पाऊस असो, बर्फ असो, दिवसातून चौदा वेळा. आता हा निळ्या टोपीचा माणूस ट्रामच्या मागच्या दारात चिकटवला, तर क्रॉसिंगवर कोणी पाहायला उतरणार नाही, गाडी आंधळ्यासारखी रूळ ओलांडणार. आणि क्रॉसिंगवर हात वर करून उभा केला, तर ट्राम पलीकडे जाणार ती जाणारच, तो जन्मभर तिथेच उभा. दोन माणसं करावीत? एक इथे, एक तिथे? पण एमेट दोन नव्हते.

त्याने माणूस रिकाम्या काडेपेटीत कापसावर ठेवला.

...धुकं होतं त्या दिवशी. चव्वेचाळीस साल असेल. एमेट रुळांपर्यंत गेला तो दिसेनासाच झाला, नुसता कंदील राहिला, आणि मी थांबून थांबून वैतागलो, पायाने घंटा बडवली. तर धुक्यातून हात आला. वर नव्हे, आडवा, तळवा माझ्याकडे. मी ब्रेकवरचा हात उचलला नाही, आणि माझ्या नाकासमोरून मालगाडीचे डबे उलटे सरकत गेले, दिवा नाही, शिटी नाही, एकामागून एक एकवीस डबे. गाडीत साठ माणसं होती. एमेट परत चढला तेव्हा आरशात मला दिसलं, त्याने टोपी मागे ढकलली आणि दोरी ओढली. टिंग टिंग. बस, एवढंच बोलणं झालं.

आणि अशा माणसाला तू फसवलंस, ओटोने स्वतःला सांगितलं. हे तो एकतीस वर्षं स्वतःला सांगत आला होता, पण आज ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं होतं.

पाळ्या निवडायचा दिवस वर्षातून चारदा यायचा. डेपोतल्या टेबलावर मोठा कागद, नोकरीच्या वर्षांप्रमाणे एकेकाने पुढे व्हायचं आणि पाळीसमोर नाव लिहायचं. जोडीतले दोघं एकदमच लिहायचे. ओटो आणि एमेटच्या जोडीत लिहायचं काम एमेटचं, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि ओटोचं म्हणजे कोंबडीने उकरलेलं. बावन्नच्या वसंतात कागदावर पहिल्यांदा एकमाणशी गाडीच्या पाळ्या आल्या. कंडक्टर नाही, मोटरमननेच तिकिटाचे पैसे घ्यायचे, दारं उघडायची, सगळं त्यानेच. दिवसाच्या पाळ्या होत्या त्या. घरी तान्ही मुलगी होती, अल्बीना बाळंतपणातून उठत नव्हती, आणि दुमाणशी गाड्या आज ना उद्या जाणार हे सगळ्यांना दिसत होतं... हे सगळं खरं होतं. पण ओटो त्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी गेला आणि एकट्याचं नाव लिहून आला, हेही खरं होतं. एमेट आला तेव्हा त्याच्या हातात दोघांची नावं लिहिलेली चिठ्ठी होती. ओटो म्हणाला, साहेबांनीच मला तिकडे टाकलंय, माझं काही चाललं नाही. एमेटने चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाला, साहेबांपुढे कोणाचं चालतं?

पुढे एमेट एलच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बसला. त्या स्टेशनातून जाणं ओटोने टाळलं, वीस वर्षं वळसा घालून बसने गेला. लग्नांत, मयतांना, युनियनच्या सहलीला भेट व्हायची, पण नेहमी चारचौघांत. एकटं सापडणार नाही याची काळजी ओटोच घ्यायचा. आणि परवा अल्बीना बेकरीत खसखशीचे गोड पाव, कोलाचे, घ्यायला गेली तर तिथे एमेट, काठी टेकत. घर विकलं, पुढच्या गुरुवारी मुलीकडे ॲरिझोनाला निघालो, कायमचा, असं म्हणाला. अल्बीनाने त्याला जेवायलाच बोलावलं. ओटोला विचारलं नाही.

आत्ता ती जिन्यावरून अर्धी खाली आली, हाताला पीठ होतं.

"अंघोळ करणार आहेस की याच अवतारात?"

"करतो."

"सांगणार आहेस ना आज?" ती म्हणाली. ओटोने मान वर केली. त्याने तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. "एकतीस वर्षं झोपेत बडबडतोस," ती म्हणाली, "मी काय बहिरी आहे?" आणि करपलेल्या कणकेचा वास आला म्हणून घाईने वर गेली.

ओटो स्टुलावर बसूनच राहिला. मग हिला हेही माहीत असेल का... ते मात्र नसेल. एकमाणशी गाडीवरचा तो पहिला दिवस. क्रॉसिंग आलं, त्याने गाडी थांबवली, नियमाप्रमाणे स्वतः उतरला, दोन्हीकडे पाहिलं, चढला, रूळ ओलांडले. आणि पलीकडे गाडी पुन्हा थांबवली. हात आपोआप वळले. आरशाकडे पाहत तो थांबला, मागून कोणी चढेल, दोरी ओढेल म्हणून. मागचं दार तर पत्रा ठोकून बंदच केलेलं होतं. लोक कुरकुरायला लागले, एक बाई म्हणाली, कोणाची वाट बघताय हो? तेव्हा त्याला कळलं. ब्रेक तपासतोय, असं म्हणून त्याने गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. आठवडाभर तसंच होत राहिलं.

एमेट दोनला दहा मिनिटं कमी असतानाच आला. तळघराचा जिना उतरायला त्याला बराच वेळ लागला. खालच्या पायरीवर त्याने श्वास घेतला आणि डोक्यावरची टोपी मागे ढकलली. ओटोने नजर दुसरीकडे वळवली.

एमेटने सगळा रस्ता अगदी नाक लावून पाहिला. बँकेचं घड्याळ कायम सहा मिनिटं पुढे असायचं, ते इथेही पुढे आहे, याची त्याने दाद दिली. कोपऱ्यावरच्या खानावळीचं दार उलट्या बाजूला उघडतं म्हणून चूक काढली, आणि त्या दारातून मी जितक्या वेळा बाहेर पडलो तितक्या वेळा तू पडला नाहीस, तेव्हा वाद घालू नकोस, असंही वर म्हणाला. एलच्या स्टेशनापाशी तो जरा थांबला. तिकिटाच्या खिडकीत कोणी नव्हतं.

ओटोने लाल ट्राम सोडली. ती डुलत आली, वरच्या तारेवर बारीक ठिणगी उडाली, आणि क्रॉसिंगच्या अलीकडे थांबली.

"कंडक्टर कुठाय?" एमेटने विचारलं.

ओटोने काडेपेटी उघडून पुढे केली. एमेटने माणूस तळव्यावर घेतला, चष्मा वर करून पाहिला. टोपी पाहिली असणार, कारण त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"चढला नाही वाटतं अजून."

"जागा सापडत नाही त्याला," ओटो म्हणाला. आणि मग ते सुरू झालं ते थांबेना: दारात ठेवला तर काय होतं, रुळांवर ठेवला तर काय होतं, तो पहिला दिवस, पत्रा ठोकलेलं दार, ती बाई. तो एमेटकडे न पाहता बोलत होता, हातातल्या गाडी चालवायच्या बटणाकडे पाहत. "आणि मला साहेबांनी टाकलं नव्हतं तिकडे. मीच गेलो होतो. तू यायच्या आधी."

"ठाऊक आहे," एमेट म्हणाला.

वर अल्बीनाच्या पावलांचा आवाज येत होता.

"कागद मीही पाहिला होता की. साहेबाचं अक्षर इतकं घाणेरडं नव्हतं, लेका."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." एमेटने माणूस मुठीत धरला. "आधी वाटलं आठवडाभर लागेल."

ओटोला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी काहीतरी सैल झालं, बुटाची नाडी सुटावी तसं. रागावलाच असशील, असं काहीतरी तो पुटपुटला.

"होतोच. थोडा अजूनही असेन. नेतो बरोबर ॲरिझोनाला. ऊन फार आहे म्हणे तिकडे, वाळेल."

तो हसला की नाही हे ओटोला कळलं नाही, कारण तोवर एमेट वळला होता. काठी टेकत तो टेबलाला वळसा घालून निघाला. अल्बीनाच्या चादरी त्याने हाताने बाजूला सारल्या आणि पलीकडे, जिथे मालगाडीची लाइन रस्त्याला आडवी जात होती, तिथे जाऊन उभा राहिला. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे; तो नेहमी दोनदा पाहायचा, हे मी विसरलो होतो... हे मी कसं विसरलो? त्या रुळांवर नऊ वर्षांत एकही मालगाडी धावली नव्हती. तरी ओटोने गाडी हलवली नाही.

एमेटने हात वर केला.

ट्राम निघाली, क्रॉसिंगच्या सांध्यावर खडखडली आणि पलीकडे गेली, आणि तिथे ओटोच्या बोटांनी, त्याला न विचारता, ती थांबवली. एमेट चादरींच्या मध्ये काठीवर रेलून उभा होता, मूठ अजून मिटलेली, नजर मालगाडीच्या लाइनीवर, जणू अजून काही यायचं आहे. वरून अल्बीनाने जेवण वाढल्याची हाक मारली, मग पुन्हा मारली.

डबल बेल झाली नव्हती. ओटो बटणावर बोट ठेवून बसून राहिला. आज गाडीत कुरकुरणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी, त्याला वाटलं, मी त्यांना खरं सांगितलं असतं: मागून एक माणूस चढायचा आहे.