गोलमध्ये फदुमो

“हँडबॉल!” रेफरीने शिट्टी मारली आणि पेनल्टी दिली. चित्रलेखाने कपाळावर हात मारून घेतला. “सॉरी, फदुमो. लागलाच गं हाताला.”

“नो वरीज,” फदुमो म्हणाली. पण बॉल घेऊन कोण येतंय ते तिने पाहिलं. तिचीच मुलगी, सगल.

फदुमो मेलबर्नमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची. चित्रलेखा तिथलीच नर्स. लहानपणी मोगादिशूत फदुमो भावांबरोबर गल्लीत खेळली होती, तेही चोरून. इथे पंचेचाळिशीला आल्यावर तिने सोमाली बायकांची टीम उभी केली. समाजातले लोक ‘आजीबाईंचा फुटबॉल’ म्हणून हसले. अकरावी खेळाडू मिळेना, तेव्हा तिने पुण्याच्या चित्रलेखाला ओढून आणलं. आज तीच टीम कपच्या फायनलमध्ये एका गोलने पुढे होती.

समोर सगलचा नावाजलेला क्लब. तिथे तिला सगळ्या सॅली म्हणत. सकाळी गाडीत ती म्हणाली होती, “मम, ग्राउंडवर मला ओळख दाखवू नको. प्लीज.” फदुमोने आरशात न बघताच मान डोलावली होती.

आता दोघी समोरासमोर. सगलची नजर खाली. क्षणभर फदुमोला वाटलं, जाऊ दे, होऊ दे पोरीचा गोल. मग कुंपणाला टेकलेल्या बायका दिसल्या, कुणी शिफ्टच्या कपड्यांतच आलेली, कुणी कडेवर पोर घेऊन. सोडून दिला तर पोरगी काय शिकेल? आपली माणसं हरण्यासाठीच असतात, हे?

“वर बघ, सगल!” ती सोमालीत ओरडली. “नीट मार!”

सगलने वर पाहिलं आणि जीव खाऊन मारला. फदुमोने झेप घेतली. बॉल तिच्या बोटांवर आदळून खांबाबाहेर गेला. लगेच शेवटची शिट्टी वाजली. कुंपणापलीकडच्या बायकांनी जिभा भराभर हलवत, लुलुलु करत असा काही जल्लोष केला, की पार्किंगमधली कुत्री भुंकायला लागली.

“जिंकलो!” चित्रलेखाने तिच्या अंगावरच उडी टाकली.

सगल जागीच उभी होती. तिच्या क्लबमधल्या एकीने विचारलं, “कोण आहे ती कीपर? कसली भारी खेळली!”

“माझी आई,” सगल म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “दॅट्स माय मम!”

ती चालत आली, सगळ्यांसमोर चिखलात गुडघे टेकून बसली आणि आईच्या सुजलेल्या बोटांवरून ग्लोव्ह अलगद सोडवू लागली. मध्येच थांबून सोमालीत विचारत होती, दुखतंय का.