ब्रिटनची की अमेरिकेची

साथीच्या त्या महिन्यात आमच्या बेटावरच्या, रेवा नदीकाठच्या गावात सगळेच डॉक्टर झाले होते. माझा नवरा अपेनिसा तर त्यांच्यातला सर्वांत मोठा. साखरेचा आजार, दारात मावणार नाही असं पोट, आणि लस घ्यायची नाही. म्हणजे, ही लस घ्यायची नाही.

"ब्रिटनवालीनं रक्तात गाठ होते," तो म्हणायचा. "अमेरिकेची येतेय ना! तिचे टक्के बघ."

"टक्के बघायला तू काय परीक्षेला बसलायस?"

चर्चच्या हॉलमध्ये नर्स सुलुएती लस घेऊन आली. तिनं समजावलं की गाठ लाखात एखाद्याला, आणि इकडे राजधानीत, सुवाच्या इस्पितळात खाट मिळत नाहीये. "अमेरिकेची सध्या फक्त गरोदर बायकांना आहे," ती म्हणाली. "अपेनिसा, तुला कितवा महिना?"

सगळे हसले. तोही पोट धरून हसला आणि लस न घेताच घरी आला.

मला मात्र धडकी भरली होती. पलीकडच्या गावात एकाच घरातून दोन शवपेट्या निघाल्या होत्या. तो घोरायचा थांबला की मी त्याच्या नाकाशी हात धरून बघायची.

शेवटी मी माझ्या इनोकेमामांना बोलावलं. आमच्याकडे यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून काही मागितलं आणि समोरच्यानं ती स्वीकारली, की मग नाही म्हणता येत नाही. रविवारी मामा आले, मास्क लावून लांब बसले, आणि माझ्या वतीनं रीतसर मागणं घातलं. अपेनिसानं जुडीला हात लावून ती स्वीकारली.

"बायकोनं बरोबर कोंडीत पकडलं," तो म्हणाला. मला रडूच फुटलं.

मग मुळांची भुकटी पाण्यात कालवून प्यायची यांगोना केली. एकाच करवंटीतून सगळ्यांनी पिऊ नका असं रेडिओवर रोज सांगत होते, म्हणून मी वेगवेगळे कप ठेवले. मामांनी ते बाजूला सारले.

"मागणं कपातून पितात का गं पोरी? असं चालत नाही."

मास्क काढून त्यांनी करवंटी एका दमात संपवली. तीच भरून अपेनिसाकडे गेली. इतक्यात मामा खोकले.

"भुकटी गेली घशात," ते म्हणाले.

मी हात पुढे केला, तोवर अपेनिसानं करवंटी रिकामी करून रिवाजाप्रमाणे टाळ्याही वाजवल्या होत्या.

गुरुवारी त्यानं दिलेला शब्द पाळला. ब्रिटनची घेतली आणि दंड चोळत, सगळ्यांना दाखवत घरी आला. त्याच संध्याकाळी मामांना श्वास लागला म्हणून सुवाला नेल्याचं कळलं.

शुक्रवारी अपेनिसाला ताप भरला.

"लागू पडली बघ लस!" तो खूश होऊन म्हणाला. "सुलुएती म्हणालीच होती, ताप येतो."

म्हणाली होती खरी. मी तेच मनात घोकत राहिले. लसीचाच असू दे, देवा, लसीचाच असू दे. मी परसातून, आम्ही चहाला वापरतो तो लिंबूचा पाला ओंजळभर तोडून आणला, चुरगळला, उकळला. घरभर वास सुटला. शेजारीणही कुंपणापलीकडून म्हणाली, "चहा टाकला वाटतं!"

कप त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि माझ्याकडे बघून हसला.

"अगं, नुसतं गरम पाणी दिलंस. पाला टाकायला विसरलीस का?"

"विसरले रे," मी म्हणाले.