दीड लाख माणसं आणि एक म्हैस

थोरलीनं सडाला हात लावला तशी म्हशीनं लाथ झाडली. बादली कलंडली, पण सांडायला दूध होतंच कुठं? महिन्यापूर्वी फेसानं भरणाऱ्या बादलीचा आता तळ झाकत नव्हता. कास सुकलेली, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं.

शेणाच्या हातानंच ती धाकट्या जावेच्या दारात गेली. धाकटी फोनवर गुराढोरांचे व्हिडिओ टाकायची. तिला दीड लाख माणसं बघतात, असं गावभर झालं होतं. तिनं दूधवाढीच्या पावडरीचे गोडवे गायले, म्हणून तर थोरलीनं ती आणली.

"तुझ्या गाईला किती घालतेस गं पावडर?"

धाकटी चाचरली. "मी कशाला घालू? कंपनीनं बोलायचे पैसे दिले, मी बोलले."

"आणि त्या दीड लाख माणसांच्या गुरांचं काय?"

"माणसं कुठली, ताई! विकत मिळतात ती. नुसता आकडा. आकडा फुगलेला दिसला की कंपन्या दारात येतात. खरी म्हणशील तर गावातली चार डोकी आणि आपले पै-पाहुणे."

"म्हणजे एवढ्या गर्दीत खरी म्हैस माझी एकटीचीच!"

धाकटीनं मान खाली घातली. "चुकलं माझं. तू बोल, मी तुझा व्हिडिओ टाकते. सगळं खरं सांग."

थोरली गोठ्यात उभी राहून पोटतिडकीनं बोलली. पावडर कधी आणली, आधी बादली कशी भरायची, आता काय दशा झाली, सगळं सांगितलं. बोलता बोलता डोळे भरून आले. जीव हलका झाला.

चौथ्या दिवशी धाकटीच्या माहेरगावचा एक म्हातारा दारात आला. काखेत त्याच पावडरीची पिशवी.

"बाई, तुमचा व्हिडिओ बघूनच आणली. किती घालायची तेवढं सांगा."

त्यानं फोन पुढं धरला. फोनमधली थोरली म्हणत होती, "मी ही पावडर आणली. बादली फेसानं भरायची." मागचापुढचा शब्द नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र जसंच्या तसं, आणि खाली लिहिलेलं, 'आनंदाश्रू'.

थोरलीनं त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं. "बाबा, चिमूटभरसुद्धा घालू नका. ही बघा माझी म्हैस, भाकड झाली!"

म्हाताऱ्यानं म्हशीकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं. पिशवी काखेत घट्ट दाबली.

"स्वतःचं भागलं, आता दुसऱ्याच्या गोठ्यात दूध नको हिला," तो पुटपुटला आणि तरातरा चालू लागला.