औषधवाल्याचा फोन

लाँड्रीवाल्या वहिनींना त्या संध्याकाळचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दुकानात कुणीतरी त्यांच्या डोक्यात इस्त्री घातली आणि मागच्या दाराने पसार झाला. शेजारच्या औषधवाल्याने पोलिसांना फोन केला. एवढं लोकांनी सांगितलं, मारणारा कोण ते कुणी सांगेना. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की वहिनी आधी त्याच्या हातांकडे बघत, मग तोंडाकडे.

सगळ्यात जास्त संशय औषधवाल्यावर. भिंतीला भिंत लागून, आणि म्हणे काही दिसलं नाही. दीरही म्हणायचा, "वहिनी, तिथंच पाणी मुरतंय." दीर म्हणजे देवमाणूस. भावाच्या माघारी दुकानाचा सगळा भार त्यानेच उचललेला.

ज्याच्यावर हल्ला झाला त्याला त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकायचा हक्क असतो, हे कळल्यावर वहिनींनी पोलीस कचेरीचे उंबरठे झिजवायला घेतले. आज साहेब नाहीत, उद्या यंत्र बंद. कुणीतरी हे प्रकरण दाबतंय, अशी त्यांची खात्रीच पटली. दीर वैतागला, "कशाला उकरून काढता?" पण तारीख मिळाली तशी म्हणाला, "एकट्या जाऊ नका, मी येतो."

खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि मख्ख चेहऱ्याची कारकून बाई. दाराबाहेर एक पोलीस पेंगत होता. बाईंनी बटण दाबलं.

औषधवाल्याचा आवाज आला, धापा टाकणारा. "लवकर या. शटर आतून ओढलंय, ताईंना कुणीतरी मारतंय." वहिनींना स्वतःची लाज वाटली. या माणसाला त्यांनी इतके दिवस नुसते शिव्याशाप दिले होते.

"मागे आणखी कुणीतरी आहे," म्हणत बाईंनी आवाज वाढवला. औषधवाल्याच्या ओरडण्याआड एक बाई गयावया करत होती. तो वहिनींचाच आवाज होता.

"भाऊजी, दुकान घ्या. भाऊजी, मला सोडा."

वहिनी जगात एकालाच भाऊजी म्हणत.

"हे पोलिसांनी ऐकलं नाही?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आजवर ऐकायला कुणी आलंच नाही," बाई म्हणाल्या.

दीर उठला. "चला वहिनी. तुम्हाला उगाच त्रास."

वहिनींच्या भीतीपेक्षा त्यांचा संताप मोठा होता. त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "बाहेरच्या पोलिसाला आत बोलवा. मग हे पुन्हा लावा."